तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आमच्याकडे जात कोण विचारतं?’

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले एचआरवाले विचारतात, कॉलेजांचे प्राचार्य विचारतात, आणि सूर बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. “अहो, आमच्याकडे जात, रंग, प्रांत कोणी बघतच नाही. काळारामाचं दार उघडून जमाना झाला. मग हे समान संधी कक्ष, धोरणं, आकडेवारी कशाला? उलट तुम्हीच येऊन आठवण करून देता.”

जात विचारली जात नाही, हे खरं. विचारायची गरजच पडत नाही. ‘पूर्ण नाव सांग’, ‘मूळचे कुठले?’, ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ एवढ्यावर काम भागतं. २ मार्च १९३० रोजी दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार कुठलं आणि अडवणारे कोण हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. आज कॉलेजच्या गेटवर कोणी कुणाला अडवत नाही. माणूस अडतो तो आत आल्यावर, आणि अडवणारा असा कोणी सापडत नाही.

ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाचा तपास पोलिसांनी कसा हाताळला, याची चौकशी झाली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं ठपका ठेवला तो एकदोन पोलिसांच्या द्वेषापुरता नव्हता, अख्ख्या संस्थेच्या कामाच्या पद्धतीवर होता: नकळतचे पूर्वग्रह, ठरीव समजुती, अनास्था. वंशवादाविरुद्ध काम करणाऱ्यांच्या हाती तेव्हापासून एक उपयोगी सवय आली. कुणाच्या मनात काय आहे ते खणत बसायचं नाही, कार्यपद्धती तपासायची. नाशिकमध्येही आम्ही, समान संधीसाठी काम करणारे, तेच करायला सांगतो. मनं बदलायला पिढ्या लागतात, बॅचची यादी एका दुपारी बदलते.

त्या यादीपासूनच सुरुवात करा. काही कॉलेजांत रोल नंबर प्रवेशाच्या क्रमानं देतात. पहिल्या फेरीतले आधी, मग दुसरी फेरी, शेवटी उरलेल्या जागा. प्रॅक्टिकलच्या बॅच त्याच क्रमानं वीस-वीसच्या पडतात. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणी प्रमाणपत्रासाठी ज्यांना खेपा घालाव्या लागल्या, ती मुलं हमखास शेवटच्या बॅचमध्ये एकत्र येतात. तिला दिवसातला शेवटचा तास मिळतो, नवखे शिक्षक मिळतात, आणि दिवाळीपर्यंत स्टाफरूममध्ये तिचं नाव ‘कोट्याची बॅच’ पडलेलं असतं. कुणीही कट केलेला नाही. क्लार्कनं फक्त एक्सेलमध्ये प्रवेशाच्या तारखेनुसार क्रम लावला. पहिल्या नावानुसार क्रम लावला तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. पहिल्या नावानुसार म्हटलंय, आडनावानुसार नव्हे.

शिष्यवृत्तीचंही तसंच. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ हे वाक्य भर वर्गात उच्चारलं, की साठ जणांना एका क्षणात सगळं कळतं. नोटीस बोर्डावरची यादी त्याहून वाईट: नाव, प्रवर्ग, कधीकधी बँक खात्याचा क्रमांकसुद्धा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जाचा क्रमांक असतोच, तेवढाच लावा. त्रुटी असलेल्याला फोनवर निरोप द्या आणि कागद घ्यायची खिडकी सगळ्यांसाठी एकच ठेवा. शिष्यवृत्ती यायला उशीर झाला म्हणून हॉल तिकीट अडवणं, ‘आधी भरा, पैसे आले की परत देऊ’ म्हणणं हा नुसता हिशेबाचा भाग नाही. पेठ तालुक्यातल्या मजुराच्या घरात ते पैसे उसने येतात, व्याजानं येतात, आणि मुलगी असेल तर बऱ्याचदा येतच नाहीत.

नाशिक जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येचा चौथा हिस्सा, किंचित जास्तच, अनुसूचित जमातींचा आहे. आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. तरीही आपल्या कॉलेजांची वेळापत्रकं अशी आखलेली असतात, जणू सगळी मुलं शहरातल्या इंदिरानगरातच राहतात. सुरगाण्याची शेवटची एसटी गाठायची असेल तर संध्याकाळचं प्रॅक्टिकल अर्धवट सोडावं लागतं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत काही मुलं आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, आणि नेमकी तेव्हाच अंतर्गत चाचणी लागते. मग हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि शिक्षकांचा शेरा येतो, ‘या मुलांना शिक्षणाचं गांभीर्यच नाही.’ यावर उपाय साधे आहेत. बाहेरगावच्या मुलांना सकाळच्या बॅच द्या. चाचणीची दुसरी तारीख आधीच जाहीर करा, अर्ज-विनंत्या करायला लावू नका. वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वयंम आणि स्वाधार योजना आहेत, त्यांचे अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरून घ्या. प्रवेशाच्या टेबलावर योजनेचं नावही न ऐकलेला क्लार्क बसवला, तर योजना कागदावरच राहते.

तोंडी परीक्षा हा मात्र सगळ्यात निसरडा भाग. लेखी पेपरवर नाव झाकता येतं, तोंडीत आवाज झाकता येत नाही. कोकणा किंवा वारली घरातल्या मुलाचा हेल, बागलाणकडच्या पोरीची अहिराणी वळणाची मराठी कानावर पडताच समोरच्याच्या डोक्यात उत्तराआधी अंदाज तयार होतो. मग एकाला ‘व्याख्या सांग’ आणि दुसऱ्याला ‘बरं, तुझ्या प्रोजेक्टबद्दल बोल’ असे प्रश्न जातात. दोघांचेही गुण दहापैकीच, पण परीक्षा वेगळ्या झाल्या. हे टाळायचं तर प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी करून ठेवा आणि विद्यार्थ्यालाच उचलू द्या. दोन परीक्षक असतील तर दोघांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण लिहावेत. विचारलेल्या प्रश्नाचा क्रमांक गुणांशेजारी नोंदवावा. उद्या कुणी आक्षेप घेतला तर निदान दाखवायला काहीतरी असेल.

ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलांना ‘चिंकी’, काळ्यासावळ्या आदिवासी मुलाला ‘जंगली’ म्हणणं बहुतेकांना चेष्टा वाटते. कायद्याला वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी नियमावलीत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रंग, वंश, जात, धर्म, प्रदेश, भाषा, आर्थिक स्थिती यांवरून छळणं किंवा वाळीत टाकणं हे रॅगिंगच आहे, आणि बळी पहिल्या वर्षातलाच असला पाहिजे असंही नाही. म्हणजे ज्या समितीचा फलक तुमच्या पोर्चमध्ये लावलेला आहे, तिच्याच अखत्यारीत हे येतं. ‘सरकारचे जावई’ हा शब्दप्रयोग मात्र विद्यार्थ्यांपेक्षा स्टाफरूममध्ये जास्त ऐकू येतो, आणि तिथे कुठलीच समिती पोचत नाही.

आता कारखान्यांकडे. खासगी नोकरीतल्या जातीय भेदभावासाठी लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. त्यामुळे कंपनीनं स्वतःच्या सेवानियमांत ‘जातीवरून हिणवणं, काम किंवा बढती नाकारणं हे गैरवर्तन’ असं स्पष्ट लिहिलं नाही, तर सुपरवायझरवर कारवाई करताना एचआरच्या हातात काहीच नसतं. ‘सर्वांना समान वागणूक’ असं मोघम वाक्य लिहून वेळ मारून नेता येते, चौकशी टिकत नाही.

भरतीत पाणी मुरतं ते ओळखीत. ‘आपला माणूस आहे, बघा जरा’ म्हणून आलेला मुलगा वाईट असतो असं नाही. पण ठेकेदार आपल्या गावचे आणतो, ते त्यांच्या भावकीतले आणतात, आणि दहा वर्षांत अख्खी लाइन एकाच तालुक्याची, एकाच समाजाची होते. सगळी भरती ओळखीवर असेल तर निदान निम्म्या जागा उघड जाहिरातीनं भरा, आणि ती जाहिरात सातपूरच्या आयटीआयबरोबर सुरगाणा-पेठकडच्या आयटीआयतही लावा.

नावाचा परिणाम होतो का, असं विचारणाऱ्यांसाठी सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. जात कोणीच विचारली नव्हती.

मुलाखतीचं एक उदाहरण घ्या. जागा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या ऑपरेटरची. कामाला लागतं काय? ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियर-मायक्रोमीटर अचूक धरणं, टूल झिजलं की मापातला फरक भरून काढणारा ऑफसेट देणं, अलार्म आला तर मशीन कुठे थांबवायचं ते कळणं. पण शेऱ्याच्या रकान्यात येतं ‘कॉन्फिडन्स कमी’, ‘कम्युनिकेशन वीक’. त्याऐवजी वीस मिनिटांची प्रत्यक्ष चाचणी ठेवा: एक तयार जॉब (मशीनवर घडवलेला भाग), एक ड्रॉइंग, पाच मापं. मग सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, आणि तीन गुणांचं उत्तर कसं असेल हे आधी लिहून ठेवलेलं. पॅनेलवरच्या तिघांनी गुण लिहून कागद उलटा ठेवायचा, मगच बोलायचं. प्लँट हेड आधी बोलले की बाकी दोघांचे गुण त्यांच्याकडे सरकतात. इथेच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो, कारण साहेबांना थांबवायचं कोणी?

आकडे ठेवल्याशिवाय यातलं काही कळत नाही, आणि ‘आम्ही जात बघत नाही’ म्हणणाऱ्यांना नेमके आकडेच नको असतात. चार आकडे पुरेत: किती जणांनी अर्ज केला, किती जणांना बोलावलं, किती घेतले, वर्षानंतर किती टिकले. कंपनीत ही माहिती ऐच्छिक आणि निनावी घ्या. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील त्याचा आकडा छापू नका, नाहीतर माणूस ओळखू येतो. अमेरिकेत १९७८ पासून चार-पंचमांशाची पट्टी वापरतात: एका गटाच्या निवडीचं प्रमाण सर्वांत जास्त निवड झालेल्या गटाच्या ८० टक्क्यांखाली गेलं, तर तपासायचं. समजा, एका गटातल्या १०० अर्जदारांपैकी ५० घेतले, दुसऱ्या गटातल्या ६० पैकी १५. म्हणजे ५० टक्के आणि २५ टक्के. दुसऱ्याचं प्रमाण पहिल्याच्या निम्मं, ८० टक्क्यांच्या बरंच खाली. यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, पण कोणत्या पायरीवर शोधायचं ते कळतं. आपल्याकडे ही पट्टी कायद्यात नाही, तरी वापरायला कोणी अडवत नाही. पाच-सहा अर्जदारांना मात्र लावू नका, एका माणसानं टक्केवारी उलटते.

दिव्यांगांसाठीच्या रॅम्पबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वाद होत नाही, फक्त चुका होतात. उतार एकास बारा हवा. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, त्याला अठरा फूट लांबी लागते. आपल्याकडे सहा फुटांत घसरगुंडी बांधतात आणि तिच्यावरून स्कूटर चढवतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार समान संधी धोरणात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकसुद्धा लागते.

राहिली तक्रार. यूजीसीनं २०१२ मध्येच समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं, पण बऱ्याच ठिकाणी ते नाव फक्त कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत आहे. तक्रारपेटी बघा. प्राचार्यांच्या केबिनसमोर, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली, किल्ली ऑफिस सुपरिंटेंडेंटकडे. तिच्यात चिठ्ठी टाकेल कोण? पेटी ग्रंथालयाच्या जिन्यात कॅमेऱ्याआड हलवा, दोन कुलपं लावा, किल्ल्या दोघांकडे ठेवा, दर सोमवारी उघडा, रिकामी असली तरी नोंद करा. तक्रारदाराला त्याच दिवशी लेखी पोच द्या. त्यानंतर दोन सत्रं त्याच्या अंतर्गत गुणांवर लक्ष ठेवा, कारखान्यात असेल तर शिफ्ट आणि रजेवर. सूड तिथेच उगवला जातो.

आणि ‘समजुतीनं मिटवा’चा मोह आवरा. चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या (ॲट्रॉसिटी) कलम ३ खालचा गुन्हा ठरू शकतो. तो मिटवायचा अधिकार कॉलेजच्या समितीला नाही. तक्रारदाराला पोलिसांत जायचं असेल तर अडवू नका, आपली चौकशी वेगळी चालू ठेवा. अशा गुन्ह्याचा तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, नाशिक शहरात आयुक्तालय असल्यामुळे सहायक पोलीस आयुक्तांकडे.

१४ एप्रिलची व्याख्यानं, दिवसभराची सक्तीची प्रशिक्षणं याबद्दल विचाराल तर आमचं मत फारसं चांगलं नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. सक्तीच्या प्रशिक्षणानं वंचित गटांतल्या व्यवस्थापकांची संख्या वाढलेली दिसली नाही, काही गटांत ती घटली. मार्गदर्शक जोडून देणं आणि जबाबदारी नावानिशी ठरवणं जास्त उपयोगी ठरलं. म्हणून बजेट दहा हजारांचं असेल तर पाहुणा वक्ता बोलवू नका. एका शिक्षकाकडे पहिल्या वर्षाची पाच मुलं द्या आणि पहिल्या सत्रात दर पंधरा दिवसांनी चहा पाजायला सांगा. गळती बहुतांशी पहिल्या चाचणीनंतरच होते.

एक गोष्ट संचालक मंडळाला आधीच लेखी कळवून ठेवा: हे सगळं नीट केलंत तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. पूर्वी शून्य होत्या, आता सात-आठ होतील. हे आधी सांगितलं नाही, तर जूनच्या बैठकीत ‘कक्ष उघडल्यापासूनच भांडणं सुरू झाली’ असा ठराव येतो, आणि सर्वांत आधी भेदभावविरोधी अधिकाऱ्याचीच बदली होते.