आधी पेशंटचं डोकं वळवा, मग स्केलर उचला

स्केलिंग करणाऱ्या, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढणाऱ्या हायजिनिस्टचं (दात साफ करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाचं) मनगट दुखायला लागलं की पहिला उपाय म्हणजे मनगटाला पट्टा. पण दुखण्याचं मूळ बरेचदा मनगटात नसतंच. ते असतं खुर्चीच्या उंचीत, अवजाराच्या दस्त्याच्या जाडीत आणि धार गेलेल्या क्युरेटमध्ये (कीटण खरवडायचं पात्याचं अवजार). आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत स्केलिंग डॉक्टर स्वतःच करतात, तेव्हा पुढचं सगळं त्यांच्यासाठीही आहे.

चूक अगदी सुरुवातीलाच होते. पेशंटची खुर्ची आधी लावली जाते आणि आपण तिच्याशी जुळवून घेत वाकतो. क्रम उलटा हवा. आधी आपलं स्टूल: दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, नितंब गुडघ्यांपेक्षा थोडे वर. मग पेशंटला आडवं करून खुर्ची इतकीच वर घ्या, की त्याचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला येईल. खुर्ची जास्त वर गेली तर खांदे उचललेले राहतात, खाली राहिली तर मान झुकते. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. मान १५ ते २० अंशांपर्यंत झुकली तर चालतं, त्यापुढे तो भार मानेचे मागचे स्नायू दिवसभर तोलत बसतात.

वरचे दात करताना पेशंट पूर्ण सपाट, हनुवटी वर. खालचे दात करताना खुर्चीची पाठ थोडी उचला, हनुवटी खाली. दात दिसत नसेल तर पेशंटला डोकं डावीकडे किंवा उजवीकडे वळवायला सांगा. संकोचामुळे आपण हे सांगत नाही आणि स्वतः कंबरेतून वळतो. दम लागणाऱ्या वयस्कर पेशंटला सपाट झोपवता येत नाही. तिथे पाठ उंच ठेवून उभं राहून काम करा आणि बैठक छोटी ठेवा.

पेशंटभोवती घड्याळाची तबकडी आहे आणि त्याचं डोकं बारावर आहे असं धरलं, तर उजव्या हाताने काम करणाऱ्याची जागा आठ ते बारा. मागच्या दातांच्या आपल्याकडच्या बाजू नऊला बसून, पलीकडच्या दहा-अकराला, पुढच्या दातांच्या आपल्यापासून दूरच्या बाजू बाराला. प्रत्यक्षात लोक नऊलाच अडकून बसतात, कारण पायाचं पेडल तिथे पडलेलं असतं. स्टूल सरकलं की पेडलही सरकवा.

आता हात. सगळ्यात जास्त नुकसान चिमटीच्या जोराने होतं, आणि तो जोर दोन गोष्टी वाढवतात: बारीक दस्ता आणि बोथट पातं. दस्ता साधारण १० मिलिमीटर जाड आणि अवजाराचं वजन १५ ग्रॅम किंवा कमी असेल, तर स्नायूंवर ताण कमी येतो. जुनी सडपातळ, भरीव स्टीलची अवजारं टप्प्याटप्प्याने बदला. बोथट क्युरेट कीटण उचलत नाही, त्यावरून घसरून ते गुळगुळीत करतं. मग तीच जागा पुन्हा पुन्हा आणि जास्त दाबून खरवडावी लागते. प्लास्टिकच्या टेस्ट स्टिकवर पातं टेकवून पाहा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर गेली. धार लावताना दगड आणि पात्याचा वरचा सपाट भाग यांच्यात १०० ते ११० अंश ठेवा, म्हणजे पात्याचा आतला कोन ७० ते ८० अंशांचा राहतो. अनामिका दातावर टेकलेली असू द्या, आणि ओढ बोटं दुमडून नव्हे तर मनगट आणि कोपरापुढचा हात एकत्र फिरवून येऊ द्या.

मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांच्या दातांवरचं जाड कीटण आधी अल्ट्रासॉनिकनेच (कंपनांनी कीटण फोडणाऱ्या यंत्राने) काढा, हाताची अवजारं नंतर. त्याची टिप १ मिलिमीटर झिजली की क्षमता साधारण पाव भागाने घटते, २ मिलिमीटरला निम्मी उरते. तेव्हा टिप टाकून द्यायची. पैसे वाचवायला झिजलेली टिप वापरणं म्हणजे तो फरक हाताने भरून काढणं. हँडपीसची वायर लोंबती राहिली तर मनगट सतत खेचलं जातं, म्हणून तिचा एक वळसा हातावर घ्या. जाड कीटणाचे दोन पेशंट लागोपाठ घेऊ नका. एकाचंच खूप काम असेल तर दोन बैठकांत विभागा.

दोन्ही हातांना चालणारे ग्लोव्हज अंगठा बोटांच्या ओळीत ओढतात, त्याने अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. डाव्या-उजव्या हाताचे वेगळे ग्लोव्हज आपल्या मापाने घ्या. लूप्स (चष्म्यावर बसवलेली भिंगं) घेताना काम करतानाच्या स्थितीत बसूनच डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर मोजून घ्या. नजरेचा कोन चुकला, तर लूप्समुळेच मान जास्त झुकते.

दर काही मिनिटांनी अवजार ठेवून २०-३० सेकंद बोटं पूर्ण ताणा, खांदे मागे घ्या. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगटातली मीडियन नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी बधिर होत असेल, तर कोपराकडे पाहा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर अंगठ्याच्या बाजूला कळ आली, तर दुखणं तिथल्या स्नायुबंधांचं असू शकतं. यातलं काहीही दोन आठवडे टिकलं, तर गोळी घेऊन काम रेटू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.