पिशवीतल्या पुड्या

अंबाजोगाईत मी आयुर्वेदाचा दवाखाना चालवते. मागच्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील एका गावाहून पन्नाशीच्या आतली एक बाई नवऱ्यासोबत आली. स्तनाच्या कर्करोगावर छत्रपती संभाजीनगरला तिची केमोथेरपी सुरू होती. लाल औषधाचे, म्हणजे डॉक्सोरुबिसिनचे, दोन डोस झाले होते. तिसरा मात्र यकृताच्या तपासण्या बिघडल्याने पुढे ढकलला होता. "केमोची उष्णता अंगात भरलीय, ती काढायचं काहीतरी द्या," अशी नवऱ्याची विनंती होती.

घरी आणखी काय सुरू आहे, असे मी विचारले. दोघेही गप्प राहिले. पुन्हा विचारल्यावर नवऱ्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. तीत गुळवेलीच्या घनवट्या, अश्वगंधाचे चूर्ण, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल आणि आठवडी बाजारातून आणलेली, वर्तमानपत्रात बांधलेली राखाडी पूड होती. पूड चिमटीत घेतली तर हाताला जड लागली आणि तिला वासच नव्हता. झाडपाल्याचे चूर्ण असे नसते. त्यात एखादे भस्म, म्हणजे धातू किंवा खनिज भाजून केलेली राख, असावे असा मला संशय आला, पण कोणते, हे पाहून सांगणे शक्य नव्हते. "मोठे डॉक्टर वरडतील म्हणून सांगितलं न्हाई, मॅडम," बाई म्हणाली.

गुळवेल मी स्वतः रुग्णांना देते. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद काहीही असो, डॉक्सोरुबिसिन मुख्यतः यकृतावाटेच शरीराबाहेर पडते, त्यामुळे यकृत दुखावलेले असताना त्यावर आणखी भार टाकणे मला कोणत्याही शास्त्राने योग्य वाटत नाही. मी चारही गोष्टी थांबवल्या, फाइलवरच्या नंबरवर तिच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला आणि एकेक नाव सांगितले. ते क्षणभर थांबले, मग प्रत्येक औषधाचे प्रमाण विचारून लिहून घेऊ लागले. रुग्णाने काय घेतले हे वैद्याकडून कळल्याचे समाधान त्यांच्या आवाजात होते, आणि खरे सांगायचे तर मलाही तेवढेच समाधान वाटले.

"सगळंच बंद, मग तुम्ही काय देणार?" नवऱ्याने विचारले. मी तांदळाची पेज, मुगाचे वरण आणि तोंड आल्यावर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या एवढेच सांगितले. केमो म्हणजे निव्वळ रासायनिक विष, ही त्यांची समजूत होती. पुढे केमोचे जे पॅक्लिटॅक्सेल नावाचे औषध मिळणार आहे, ते मुळात अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले आणि मोजलेल्या मात्रेत, तपासण्या करत दिले जाते, हे सांगितल्यावर बाई पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघू लागली.

पुढच्या तपासण्यांत यकृत सुधारलेले दिसले आणि थांबलेली केमो पुन्हा सुरू झाली. यकृत आधी बिघडले ते कोणत्या पुडीने की केमोनेच, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

केमो संपून, कर्करोग परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा हळदीची कॅप्सूल पुन्हा घ्यावी का, हे विचारायला तिने आपण होऊन फोन केला. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या एंडॉक्सिफेन या प्रभावी द्रव्याची पातळी हळद आणि मिरीच्या एकत्रित कॅप्सूलने घटल्याचे नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात आढळले आहे. म्हणून मी तिला भाजीतली हळद चालू ठेवून कॅप्सूल टाळायला सांगितले आणि हेच त्या डॉक्टरांनाही कळवले.