तुम्ही विचारलंत म्हणून: ती परत आली, मग मी का नाही?

गणपतीच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव सुरू झाली की फोन येतो. "ताई, यंदा तरी गा ना. त्या अमेरिकन गायिकेची, बेटी लाव्हेटची गोष्ट तुम्हीच तर सांगता. ती साठीला परत आली, मग तुम्हाला काय झालंय?" इतकी वर्षं मी विषय बदलत आले. यंदा उत्तर देते.

ती गोष्ट तुमच्यापर्यंत चुकीची पोचली आहे, आणि ती चुकीची सांगितली मीच. डेट्रॉइटमध्ये वाढलेली मुलगी, १९६२ साली सोळाव्या वर्षी पहिलं गाणं गाजलं. १९७२ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी तिने अलाबामातल्या मसल शोल्सला अख्खा अल्बम गायला आणि कंपनीने तो काढलाच नाही. त्यानंतर वाइनची बाटली घेऊन आपण जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलो होतो, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. २००० साली जिल पेतार या फ्रेंच संग्राहकाने त्या टेप मिळवून अल्बम प्रसिद्ध केला. २८ वर्षांनी! मग २००५ मध्ये जो हेन्री या निर्मात्याने केलेला तिचा अल्बम आला. डिसेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरला 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं तिने त्यांच्याच समोर गायलं, आणि ते बांधणारा पीट टाउनशेंड वर सज्जात बसून ऐकत होता. पुढच्याच महिन्यात, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, ती लिंकन मेमोरियलसमोर उभी होती. वय ६२.

हे मी टीव्हीवर पाहिलं आणि पुढची दोन-तीन वर्षं भेटेल त्याला सांगत सुटले की खरा गुण दबत नाही, कधी ना कधी वर येतोच. तेव्हाच्या मला आज हाताला धरून खाली बसवावंसं वाटतं. जे वर आलेच नाहीत, त्यांची नावं मला कुठून कळणार होती?

आणि ती 'परत आली' म्हणजे काय? गेली कुठे होती? १९७२ नंतर ती एका ब्रॉडवे संगीतिकेच्या दौऱ्यावर कित्येक वर्षं गात-नाचत होती. १९८२ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी तिने अल्बम केला, तोही फारसा चालला नाही. बाकी काळ डेट्रॉइटचे छोटे क्लब. तिचा मॅनेजर जिम लुइस तिला जुनी, अवघड गाणी बसवायला लावायचा, आणि ती बसवायची. मी १९९४ मध्ये मिशिगनला, म्हणजे डेट्रॉइटच्याच राज्यात आले. ती अर्ध्या तासावर गात होती आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं. मग गायब कोण होतं?

आता माझं.

१९८८ साल, मी तेवीस वर्षांची. सहा भावगीतांची कॅसेट, दादरच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्ड केलेली. दिवाळीला बाजारात आणू, असं कंपनीने सांगितलं होतं. बाबा दसऱ्यापासून रोज ऑफिसातून येताना लक्ष्मी रोडवरच्या कॅसेटच्या दुकानात डोकावून यायचे. दुकानदाराला त्यांनी माझं नाव कागदावर लिहून दिलं होतं. दिवाळी गेली. पत्र पाठवलं, उत्तर नाही. खालच्या काकूंच्या फोनवरून फोन केला. "तो विषय सध्या बाजूला ठेवलाय," एवढंच कळलं. का, ते कधीच कळलं नाही. गाणी वाईट झाली असती तर तसं सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

डिसेंबरात बाबा डेक्कन क्वीनने मुंबईला गेले. कॅसेट निघणार नसेल तर निदान टेप तरी आम्हाला द्या, असं सांगायला. रात्री परत आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा होता. मी धावत गेले. सोडून बघते तर कॅसेटच्या डबीत घालायची छापील कार्डं. निळ्या साडीतला माझा फोटो, खाली सहा गाण्यांच्या पहिल्या ओळी. दोनेकशे असतील. "आणि टेप?" बाबा पाय धुऊन आले, पाटावर बसले, पण आईला ताट वाढू दिलं नाही. मग म्हणाले, "स्पूल महाग असतात गं. त्याच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलंय त्यांनी."

त्या रात्री बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जणू ते स्पूल त्यांच्याच हातून पुसलं गेलं होतं. नंतर आमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही. कार्डं आईने ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

म्हणून बेटीचं उदाहरण मला देऊ नका. तिच्या टेप शाबूत होत्या, कुणीतरी येऊन शोधाव्यात म्हणून. माझ्या बाबतीत शोधायला काही उरलंच नाही.

हे लिहिलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं, कारण एवढंच खरं नाही. लग्न झालं, इकडे आले, मुलं झाली, म्हणून गाणं सुटलं, असं मी तुम्हाला सांगत आले. रियाज त्याच्या आधीच सुटला होता, त्या डिसेंबरानंतरच्या मार्चमध्ये. तानपुऱ्याला गवसणी घातली ती मीच. गाण्याच्या बाईंकडे जाणं बंद केलं तेव्हा त्या आमचे तीन जिने चढून घरी आल्या. "अगं, तू कॅसेटसाठी गात होतीस का?" मी गप्प राहिले. त्या चहा न घेता गेल्या. बेटी टेबलाखालून बाहेर आली आणि मिळेल तिथे गायली. मला कुणी अडवलं नव्हतं. पण मग वाटतं, तेवीस वर्षांच्या त्या मुलीकडून मी किती अपेक्षा करायची? वयाच्या साठीत तिला दोष देणं सोपं आहे. तिला माफ करणंही तितकंच सोपं आहे, आणि दोन्ही करून पाहिलं तरी मला झोप लागत नाही.

बेटीच्या आवाजाला आता खर आहे, ती त्या खरेसकट गाते. काळी चारच्या पट्टीत गाणारी मी हल्ली खालच्या पांढरी तीनवर येते, तीही तळघरात, दार लावून. होय, गाते. तुम्ही विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. कार्यक्रमात माझं नाव घालू नका.

आई गेल्यावर ट्रंक उघडली, त्यातलं एक कार्ड मी इकडे आणलं. ते समोर ठेवून सहाही गाणी आठवायचा प्रयत्न चालू आहे. पाच जवळजवळ जमली. चौथ्याची चाल पूर्ण येते, पण अंतऱ्याचे शब्द गेले. ज्यांनी ते लिहिले, ते कवी आता नाहीत, आणि कार्डावर फक्त पहिली ओळ छापलेली आहे.