पोकळ वाजतंय

दादा आला, अजून दारातच होता, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या लाकडी तबकडीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवून म्हणाला, "पोकळ वाजतंय गं." मग चार्जर मागितला. विषय संपला. त्याच्यापुरता.

चार दिवस झाले. भांडी घासताना तेच, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तेच. पोकळ वाजतंय.

कशी वाजेल पोकळ? तीन आठवडे मी दुसरं काही केलेलंच नाही, लाकूड निवडलंय. स्पीड बॅग, म्हणजे बॉक्सिंगच्या सरावाची छोटी टांगती बॅग, जिच्याखाली टांगायची ती गोल फळी जड हवी, हे पहिल्यापासून पक्कं होतं. एक ठोसा मारला की बॅग आधी पलीकडे आपटते, मग अलीकडे, मग परत पलीकडे, आणि ती येताना दुसरा ठोसा. दोन ठोशांमध्ये तीन ठोके. फळी हलकी असली तर प्रत्येक ठोक्याला तीच थरथरते, बॅगचा जोर गिळून बसते आणि ताल मोडतो. भिंत धडधडते ती वेगळीच.

जीव खरा सागवानावर होता. जुन्या टेबलाची फळी पडूनच आहे. पण 24 इंचांचा गोल काढायचा तर फळीला फळी जोडावी लागणार, आणि लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे आज गोल कापा, पावसाळ्यात अंडाकृती. शिवाय त्या टेबलाला करवत लावायची म्हणजे... असो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, जड, सपाट, कापायला सोपं. पण पाणी लागलं की फुगतं, आणि स्क्रू दोन-चारदा काढला-घातला की भोकाचा भुगा होतो. सगळा हिसका ज्या स्विव्हलवर, म्हणजे बॅग अडकवायच्या फिरत्या कडीवर, येणार तो त्याच्या भरवशावर टांगायला मन धजेना. शेवटी प्लायवूड. एक थर उभा, एक आडवा, त्यामुळे सहसा बाक येत नाही. 18 मिलिमीटरच्या दोन तबकड्या, एकीवर एक चिकटवलेल्या. उचलताना मनगट बोलतं, सात किलो तरी असेल. सात किलोची वस्तू पोकळ?

काल रात्री झोप लागेना तेव्हा उठले आणि घरभर वाजवत फिरले. मुख्य दार: भरीव. न्हाणीघराचं दार: चक्क डबा. कपाटाची पाठ तर विचारूच नका, जाड पुठ्ठ्याला लाकडाचा रंग. पलंगाची उशाकडची फळी छान ठणकली. मग अंधारात उभी राहून मी स्वतःचीच कीव केली, मनसोक्त. दादाचं एक वाक्य आणि मी पार तीस वर्षं मागे. दहावीला तसंच, नोकरीच्या वेळी तसंच, मे महिन्यात तर काय. तो दारातून काहीतरी टाकून जातो आणि मी घर उकरत बसते. त्याने वाजवली ती फळी होती, हे मला कळतं. कळून काय होतं?

आज सकाळी मात्र तबकडी जमिनीवर आडवी घातली आणि काठापासून मध्याकडे बोटाबोटाने वाजवत गेले. ठक, ठक, ठक. काठापासून साधारण पाच इंच आत गेल्यावर: ढब. पुन्हा बाहेर: ठक. जिथे जिथे आवाज बदलला तिथे पेन्सिलने खूण केली. खुणा जोडल्या तर मधोमध ताटाएवढं वर्तुळ निघालं.

स्विव्हलसाठी मध्यावर भोक पाडलेलंच होतं. त्यात टॉर्च मारला तर दोन थरांमध्ये केसाएवढी काळी रेघ. केसाची पिन सरळ केली, टोक जरासं वाकवून आत सोडली, आणि ती त्या रेघेत अडकली. म्हणजे फट. सहा क्लॅम्प लावले होते मी, सगळे काठावर, कारण त्यांचे जबडे तेवढेच पोचतात. काठ घट्ट आवळले गेले आणि मधला गोंद वरच्या तबकडीला शिवलाच नाही. नुसता वाळून बसला. नेमका तिथेच, जिथे बॅग टांगायची.

जमिनीवर बसून हसले बराच वेळ. तीन आठवडे सागवान की प्लायवूड, आणि दादाने चपला न काढता निदान केलं. माणूस मुळात वाईट नाही. त्याचं बरोबर निघतं, हाच काय तो दोष.

मग भोकातून पातळ केलेला गोंद आत सोडला आणि मध्याजवळून सुरुवात करत बाहेरच्या बाजूला आठ स्क्रू पिळले. चौथ्या स्क्रूला भोकातून पांढरा थेंब वर आला, हळूच, दुधाच्या दातासारखा. तो बोटाने पुसताना फार बरं वाटलं, का ते नाही सांगता येणार.

वर तिसरी तबकडी चढवायची की नाही, ते वाळल्यावर बघू. बॅगचा फुगीर भाग हनुवटीशी यायला हवा, म्हणजे भिंतीवरच्या खुणा पुन्हा मापाव्या लागतील.

दुपारी दादाचा मेसेज आला, "चार्जर माझ्याकडेच राहिला." मी अंगठा पाठवला. फळीचं काही लिहिलं नाही. उद्या वाजवून बघते, मग ठरवते.