सोळाचा की पंचवीसचा?

शाळेत टेक्निकल विषय घेणारी पोरं अभ्यासात कच्ची, असा तेव्हा सरसकट समज होता. आमच्या सरांनी त्यावर कधी वाद घातला नाही. त्यांनी आम्हाला १.४१४ ने गुणायला लावलं. आज पॉवर सप्लाय दुरुस्त करून पोट भरतो, तेव्हा हाच आकडा रोज लागतो.

दहावीला रेडिओचा एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारा डबा, बनवायचा होता. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड (त्यांची जोडणी म्हणजे ब्रिज), वीज साठवणारा कंडेन्सर आणि ७८०९, म्हणजे कायम ९ व्होल्ट देणारी आयसी. दुकानदार बिनदिक्कत १६ व्होल्टचा, म्हणजे जास्तीत जास्त १६ सोसणारा, कंडेन्सर काढून द्यायचा. सर विचारायचे, "अरे, हे १२ मीटरवरचे. कंडेन्सर तर लाटेच्या टोकापर्यंत भरतो, त्याचं काय?" मीटरवरच्या आकड्यावरून लाटेचं टोक काढायला १.४१४ ने गुणायचं. मग फळ्यावर १२ गुणिले १.४१४, म्हणजे १७. ब्रिजमधल्या दोन डायोडांवर पडणारे दीडेक व्होल्ट वजा केले की साडेपंधरा. बसलं की सोळात! वर्ग खूश. मग सर हळूच सांगायचे, की ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ हे पूर्ण लोडचे, म्हणजे पुरता करंट ओढला जात असतानाचे. रेडिओ बंद असला की छोटा ट्रान्सफॉर्मर १४-१५ सहज देतो. त्यात आमच्याकडे शेतीपंप बंद असले की रात्री लाइन २३० वरून २५० वर चढायची. सगळं धरून कंडेन्सरवर २०-२२ व्होल्ट. म्हणून २५चा घ्यायचा, आणि खिशाला झेपला तर ३५चा.

"मग ट्रान्सफॉर्मरच २४चा लावू," असं कुणीतरी दरवर्षी म्हणायचंच. ७८०९ ची इनपुटची कमाल मर्यादा ३५. २४चं टोक ३४, आणि तेही पूर्ण लोडवर. शिवाय उरलेल्या व्होल्टची सगळी उष्णता त्या आयसीच्याच माथी.

डायोडांचा प्रश्न सरांनी सोपा करून टाकला होता. ४००१ उलट दिशेने ५० व्होल्ट सोसतो, ४००७ हजार. किमतीत फरक नावाला. त्यामुळे कपाटात ४००१ नसायचाच.

दुरुस्तीला येणाऱ्या सप्लायमध्ये अजूनही २५च्या जागी १६चा बसवलेला सापडतो. डबी बारीक असते, छान बसते, आणि माथा फुगून वर येतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रयोगशाळेसाठी कंडेन्सर पाठवतो आहे, सगळे ३५चे. ५०चे का नाहीत, असं नव्या सरांनी फोनवर विचारलं. तेवढ्याच मायक्रोफॅरडला डबी जाड होते, आणि आपल्या शाळेच्या पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) शेजारी हीटसिंक, म्हणजे आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा, आहे.