क्लिनोफॉर्म हा शब्द नीट कळायला मला अख्खं सेमिस्टर लागलं

डेझर्टेशनसाठी मला एक जुनी सिस्मिक लाइन मिळाली होती, म्हणजे ध्वनिलहरी सोडून मिळवलेला जमिनीखालच्या थरांचा उभा छेद (सेक्शन). त्यात मधोमध समुद्राच्या दिशेने उतरत जाणाऱ्या रेषांचा मोठा पट्टा होता, एकामागे एक, सगळ्या ताणलेल्या एस अक्षरासारख्या; क्लिनोफॉर्म म्हणतात ते हेच. मी रिपोर्टमध्ये सरळ लिहून टाकलं की भूहालचालींमुळे थर कलले आहेत. आपण शिकतो तेच ना, भूशास्त्रज्ञ स्टेनोचं १६६९ चं तत्त्व, गाळ आडवा साचतो, तिरका दिसला तर नंतर काहीतरी घडलंय. मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "अगं, हे थर नंतर तिरके झालेत की बसतानाच तिरके बसलेत?"

त्या एका प्रश्नावर माझे पुढचे चार महिने गेले.

आधी मी तीच लाइन परत उघडून बसले. पट्ट्याच्या खालचे थर जवळजवळ सपाट, वरचेही सपाट, तिरके फक्त मधले. जमीन कलली असती तर खालच्यांना सोडून मधल्यांनाच कशी कलवेल? शिवाय प्रत्येक तिरकी रेषा खाली जाऊन त्या सपाट तळावर अलगद टेकत होती, याला डाउनलॅप म्हणतात, आणि हे दिसलं की गाळ उतारावर पुढेपुढे साचत गेलाय असं समजायला चांगला आधार मिळतो. मग वरचा सपाट थर धरून सगळं सेक्शन फ्लॅटन केलं, म्हणजे तो थर अगदी आडवा करून बाकीचे त्यानुसार सरकवले, तरी मधला उतार राहिलाच. म्हणजे तो मुळातला होता.

शब्दाचा माग काढला तेव्हा कळलं की क्लिनोफॉर्म हे नाव भूशास्त्रज्ञ जॉन रिच यांनी १९५१ मध्ये दिलं. त्यांच्या मांडणीत उथळ भागातला, लाटांनी घुसळला जाणारा तळ म्हणजे अंडाफॉर्म, तिथून खोल पाण्याकडे जाणारा उतार म्हणजे क्लिनोफॉर्म आणि खालचा सपाट तळ म्हणजे फोंडोफॉर्म. हे तिन्ही शब्द पृष्ठभागासाठी आहेत, खडकासाठी नाहीत, उतारावर साचलेल्या खडकाला त्यांनी क्लिनोथेम म्हटलं. आज मात्र बहुतेक लोक टॉपसेट (वरचा सपाट भाग), फोरसेट (मधला उतार), बॉटमसेट (खालचा सपाट भाग) असा वरपासून खालपर्यंतचा पूर्ण एस म्हणजे क्लिनोफॉर्म असंच वापरतात. माझा खरा गोंधळ इथेच होत होता, एका पेपरमध्ये फक्त उतार, दुसऱ्यात अख्खा आकार, आणि मी दोन्हीकडचे आकडे एकाच टेबलात भरत होते! ते टेबल पूर्ण काढून टाकावं लागलं.

कोनाचंही तसंच झालं. स्क्रीनवर रेषा चांगल्या वीस अंशांच्या दिसत होत्या म्हणून मी त्यांना गिल्बर्ट डेल्टा समजले. गिल्बर्ट यांनी १८९० च्या ग्रंथात बॉनव्हिल या आटलेल्या सरोवराच्या काठचे जे डेल्टे वर्णन केले, त्या प्रकारात भरड वाळू-गोटे थेट खोल पाण्यात कोसळतात म्हणून फोरसेट खरोखरच पंचवीस-तीस अंशांपर्यंत तीव्र असू शकतात. पण माझ्या सेक्शनमध्ये उभी मापं आडव्याच्या दहापट ताणलेली होती. उभा अक्ष वेळेचा असतो, तो आधी खडकातल्या ध्वनिलहरींचा वेग वापरून खोलीत बदलला, मग ताण काढला, आणि एकोणीस अंशांचा उतार उरला फक्त दोन अंश. दोन अंश म्हणजे तीनशे मीटर खाली उतरायला साडेआठ किलोमीटर जायचं, प्रत्यक्ष तिथे उभं राहिलं तर उतार जाणवणारही नाही. हा डेल्टा नव्हता, शेल्फची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, अख्खी कडा खोल समुद्राकडे सरकत गेली होती.

एवढं करूनही मनाला पटत नव्हतं, म्हणून काचेच्या टाकीत पाणी भरून एका टोकाने आळीपाळीने पांढरी आणि रंगीत वाळू सोडली. ढीग पुढे सरकत गेला, प्रत्येक नवा रंग आधीच्या उतारावर पांघरल्यासारखा बसला, आणि टाकीला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. हे बघताना लक्षात आलं की यातली प्रत्येक तिरकी रेषा म्हणजे त्या त्या वेळचा तळ आहे. हे वाक्य मी आधी दहा वेळा वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर फार आनंद झाला.

आणि मग विहिरींचं कोरिलेशन आठवलं, म्हणजे खोल बोअरमध्ये सापडलेले थर एकमेकांशी जुळवणं. मी एका विहिरीतली वाळू शेजारच्या विहिरीतल्या वाळूला सरळ आडवी रेघ मारून जोडली होती, दिसायला अगदी छान. पण एकाच वेळी वरच्या काठाजवळ वाळू साचत असते आणि खाली खोलात चिखल, त्यामुळे एकाच क्लिनोफॉर्मवरून खाली गेलं की वाळूचा शेल (चिखलाचा खडक) होतो, आणि दोन विहिरींतल्या वाळू सारख्या दिसल्या तरी त्यांच्यात बराच काळ गेलेला असू शकतो. माझी आडवी रेघ तीन-तीन क्लिनोफॉर्म कापत गेली होती. सगळ्या रेघा खोडून तिरक्या काढल्या, वाळूचे तुकडे एकमेकांपासून सुटे झाले, मधे शेल आला.

नवीन चित्र मॅडमना दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "खाली ताण किती पट आहे ते लिही, आणि क्लिनोफॉर्म कुठल्या अर्थाने वापरलाय तेही." दोन्ही ओळी कॅप्शनमध्ये टाकल्या आणि चॅप्टर सबमिट केला.