ईईजी ‘नॉर्मल’ आला, पण आकडा कुठे होता?

आईचा ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, पाऊण तासात झाला. त्याच्या रिपोर्टात एक ओळ वाढवून घ्यायला मला १९ दिवस लागले, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आई ७१ वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. मेमरी क्लिनिकमध्ये १०० मधून सात-सात वजा करा म्हटल्यावर ९३, ८६, ७९ अशी धडाधड सुटली. तपासणाऱ्या मुलीनेच तिला थांबवलं. पण थोड्या वेळापूर्वी सांगितलेले तीन शब्द विचारले तर एकही आठवेना. ३० पैकी २६ गुण. मी म्हणाले, “चांगले आहेत की!” न्यूरॉलॉजिस्ट काहीच बोलले नाहीत.

बी-१२, थायरॉइड, एमआरआय दोन दिवसांत उरकलं. ईईजी दोन गोष्टींसाठी होता. आई बोलता बोलता मध्येच क्षणभर हरवते, ते फिटचं तर नाही ना? आणि दुसरं, मेंदूची मूळ लय मंदावली आहे का? डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे काढून दाखवलं: जागेपणी डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लाटा दिसतात, त्या अल्फा. अल्झायमरमध्ये ही लय हळू पडते, ४ ते ८ च्या थीटा लाटा वाढतात. कधी कधी हे बरंच लवकर दिसतं. पण नुसत्या ईईजीवरून अल्झायमर ठरत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. झोपेच्या गोळीनेही आलेख बदलतो, त्यामुळे चालू गोळ्यांची यादी टेक्निशियनला आधीच द्या. मी दिली नव्हती, त्यांनी विचारल्यावर पर्समधलं औषधाचं पाकीट शोधत बसले.

रिपोर्ट आला दोन ओळींचा. फिटसदृश लहरी नाहीत. ईईजी नॉर्मल. मी रिक्षातूनच भावाला फोन केला. न्यूरॉलॉजिस्टनी कागद उलटसुलट करून विचारलं, “बॅकग्राउंडचा आकडा कुठाय?” म्हणजे मूळ लय सेकंदाला किती लाटांची, ते.

इथून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. ईईजी दुसऱ्या हॉस्पिटलात केलेला. तिथे काउंटरवर उत्तर, “मॅडम, नॉर्मल आलाय ना? मग अजून काय पाहिजे?” मी चिठ्ठी दाखवली, त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की मूळ लय बघा. ती चिठ्ठी रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलीच नव्हती, काउंटरवरच फाईलला टाचलेली. ते डॉक्टर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येणार. मंगळवारी गेले तर म्हणे अर्ज द्या. शुक्रवारी अर्ज नेला तर अर्जावर पेशंटची सही हवी. आईची सही आता दर वेळी वेगळी येते, म्हणून तर आम्ही तिथे आलो होतो! पुढच्या मंगळवारी डॉक्टर रजेवर. मला सांगितलं, हवं तर आलेखाची सीडी घ्या, पैसे भरा. सीडी घेऊन मी काय करू, लाटा मोजू?

शेवटी शुक्रवारी त्यांच्या दारातच उभी राहिले. डॉक्टर बिचारे सज्जन निघाले. आलेख स्क्रीनवर लावला, डोळे मिटलेला भाग काढला, एका सेकंदाच्या दोन उभ्या रेघांमधल्या लाटा पेन्सिलच्या टोकाने मोजल्या. सात. पुढच्या सेकंदातही सात. “आम्ही फिटसाठीच बघतो हो बहुतेक,” म्हणत त्यांनी ‘नॉर्मल’ खोडलं, ‘मूळ लय ७ हर्ट्झ, मंद’ असं हाताने लिहून सही केली. दोन मिनिटं लागली असतील. मला हायसं वाटलं, आणि बातमी काय आहे हे जिन्यात आल्यावर लक्षात आलं.

तेव्हा रिपोर्ट हातात पडला की काउंटर सोडायच्या आधी वाचा. आकडा नसेल तर तिथेच मागा. आणि सीडी घ्याच. मी चिडून नाकारली होती, पण वर्षाने पुन्हा ईईजी करून ताडून बघायचा असेल तर तीच लागते.

तेलाचं राहिलंच. डोक्याला तेल असेल तर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. आदल्या रात्री मी स्वतः आईचं डोकं धुऊन दिलं, चारदा सांगितलं. सकाळी बघते तर खोबरेल चोपडून घट्ट वेणी घालून बाई तयार! मी ओरडले. ती म्हणाली, “अगं, पण तू सांगितलंस कुठे?” टेक्निशियन मुलाने एक शब्द न बोलता कापसाने एकवीस जागा पुसून काढल्या.